आठवणीतून लिहिलेला कागद

अवनीने फ्रिजच्या दारावरचा कागद काढला आणि जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपशेजारी आणून ठेवला.

"मम्मी, एक विचारू? चिडू नकोस."

नीता गवार मोडत बसली होती. सात महिन्यांत ती कशावरच चिडली नव्हती. नवरा, प्रबोध, जहाजावर हृदयविकाराने गेला, त्याला घरी आणलं, दिवसकार्य झालं आणि चौदाव्या दिवशी ही नोव्हेनाच्या हॉस्पिटलात कामावर हजर. किती खंबीर आहे हो, असं जो तो म्हणाला. खंबीर, डोंबल! दाताला भूल दिली की गाल आपला वाटत नाही, तशी ती अख्खीच झाली होती.

"विचार."

"माझा हिस्टरीचा प्रोजेक्ट आहे ना. अमेरिकेत मेक्लेनबर्ग नावाची कौंटी आहे, जिल्ह्यासारखी. ते म्हणतात, आम्ही सगळ्यांच्या आधी, १७७५ मध्येच स्वातंत्र्य जाहीर केलं. पण ओरिजिनल कागद आगीत जळला. मग एका म्हाताऱ्याने तो आठवून लिहिला. दोनशे वर्षं झाली, अजून भांडतायत. खरा की खोटा."

"बरं, मग?"

"टीचर म्हणते, आठवणीतून लिहिलेला सोर्स आधी तपासायचा. लगेच बिलीव्ह नाही करायचा." तिने कागदावर बोट ठेवलं. "हा पण तसाच आहे."

देवापुढे वाती वळत बसलेल्या प्रेमाताईंनी, नीताच्या सासूबाईंनी, मान वर केली.

तसाच होता. प्रबोध गेल्यावर कॅप्टनचं पत्र आलं, आणि त्याच पाकिटात केबिनमध्ये सापडलेलं अर्धं पान. प्रबोधला हाताने पत्रं लिहायची खोड होती. नीताला लिहायला घेतलेलं ते पत्र अर्ध्यावरच राहिलं होतं. नीताने ते एकदा वाचलं, प्रेमाताईंनी एकदा वाचलं. मग नीता आंघोळीला गेली, तेवढ्यात प्रेमाताईंनी दोन्ही कागद बारीक फाडून कचरा थेट तळमजल्यावर नेणाऱ्या चूटमध्ये टाकले. मरणाची बातमी आणणारं पत्र वाचून फाडायचं, घरात ठेवायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. वुडलँड्समधल्या त्यांच्या अकराव्या मजल्यावरच्या घरातून तुकडे खाली गेले, संपलं. त्यातला एक कागद आपल्या मुलाच्या हातचा होता, हे त्यांच्या मागाहून ध्यानात आलं. त्यानंतर दोन दिवस त्या जेवल्या नाहीत.

अवनी शाळेतून यायच्या आत नीताने आठवेल तसं सगळं लिहून काढलं. पंप दुरुस्त झाला. लोणचं संपलं. गुडघा परत दुखतोय. आणि शेवटी एक ओळ लिहिली, जी त्या पानात नव्हती. ज्यात पोरीचं नावसुद्धा नाही, असा कागद तिच्या हातात द्यायचा तरी कसा?

अवनीने नेमकी तीच ओळ वाचली. "'अवनीला सांग, परीक्षा कशीही जाऊ दे, मला तिचा अभिमान आहे.' मम्मी, बाबा मला कधी अवनी म्हणाला? ठमीच म्हणायचा. मी कितीही चिडले तरी ठमीच."

नीताच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हे तू ॲड केलंस ना? जस्ट टेल मी लाह, सांग ना. मी रडणार नाहीये." तिची हनुवटी आत्ताच थरथरायला लागली होती. "म्हणजे बाबाने माझ्यासाठी काहीच लिहिलं नव्हतं."

"ठमीच लिहिलं होतं त्याने," प्रेमाताई म्हणाल्या. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि टेबलापाशी आल्या. "तुझ्या आईने शहाणपणा करून अवनी केलं."

"आजी, तू नीट वाचलं होतंस?"

"माझ्या पोराचं अक्षर ते. नीट वाचणार नाही तर काय?"

अवनी त्यांच्याकडे बघत राहिली. "त्या मेक्लेनबर्गमध्येही म्हाताऱ्या लोकांनी असंच सांगितलं होतं. आम्ही तिथे होतो, आम्ही ऐकलंय म्हणून. तरी लोक मानत नाहीत." मग हळू आवाजात म्हणाली, "शपथ घे."

"अवनी, पुरे झालं," नीता म्हणाली.

प्रेमाताईंपुढे कुणी गमतीत जरी पोराची शपथ घेतली, तरी त्या अंगावर धावून जायच्या. मेल्यांनो, लेकराच्या जिवावर उठलात का, म्हणायच्या. खोटी शपथ ज्याच्या डोक्यावर घ्यावी त्याला बाधते, यावर त्यांचा देवाइतका विश्वास होता.

त्यांनी पदराला हात पुसला आणि अवनीच्या डोक्यावर ठेवला.

"तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगते. 'ठमीला सांग' असंच होतं. मला तिचा अभिमान आहे, हेही होतं."

अवनीने आजीच्या पोटात तोंड खुपसलं आणि ती हमसाहमशी रडायला लागली. नीताला भीती वाटली, खरीखुरी, पोरीसाठी. सात महिन्यांनी काहीतरी वाटलं, ते हे. तिने कागद ओढला, 'अवनीला' खोडलं आणि वर 'ठमीला' लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

मान वर केली तर प्रेमाताईंचा हात अजून पोरीच्या डोक्यावरच होता. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. नीता जवळ गेली तेव्हा तिला ऐकू आलं.

"माझ्यावर घाल, देवा. तिला काही करू नकोस. माझ्यावर घाल."