दोघांकडून एकेक

पडद्यावर अक्षरांच्या दोन ओळी होत्या, एकाखाली एक. समोर शेतीचे, वाणिज्याचे, कॉम्प्युटरचे असे तऱ्हेतऱ्हेचे विद्यार्थी. मोनाली सांगत होती की शरीराचा सगळा मजकूर चारच अक्षरांत लिहिलेला असतो, पण तो डोळ्यांनी वाचायला जन्म पुरायचा नाही. म्हणून कॉम्प्युटर दोन ओळी जुळवून फरक दाखवतो. बायोइन्फर्मेटिक्सची सुरुवात एवढीच. तिने बटण दाबलं, तसं एकच अक्षर लाल झालं. हा सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार, ती म्हणाली.

शेवटच्या बाकावर तिचे वडील, गुलाबराव, बसले होते. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. मुलगी नेमकं काय शिकवते हे शेजाऱ्यांना धड सांगता येत नाही, म्हणून ते आले होते. खरं तर मोनालीनेच त्यांना आणलं होतं. तिचा धाकटा भाऊ यशदीप याच आजाराने गेला. आईच्या भाच्यालाही तो होता, त्यामुळे घरात कशावरूनही वाजलं की गुलाबराव 'तुया माहेरची बिमारी' म्हणून मोकळे व्हायचे. मोनालीने घरी समजावू पाहिलं की ते चपला घालून बुढा तालाबाच्या काठी फिरायला निघून जायचे. भरल्या वर्गातून उठून जाणं तेवढं सोपं नव्हतं.

निरंजन नावाच्या वाणिज्याच्या मुलाने विचारलं, "मैडम, ये माँ से आता है या पिताजी से?"

"दोनों से. ऐसा बिगड़ा अक्षर दोनों से एक-एक आए, तभी बच्चा बीमार होता है."

वडिलांकडे पाहायचा तिला धीर झाला नाही.

तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी पोचल्यावर गुलाबराव थेट स्वयंपाकघरात गेले. मोनालीची आई, अंजनाबाई, भाजी चिरत होत्या. ते त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"माह्याकडूनही आलं होतं ते. मी तुलेच बोलत राह्यलो."

"मले माहीत होतं," अंजनाबाई म्हणाल्या. "यशदीपच्या डॉक्टरीणबाईनं तवाच सांगतलं होतं."

"मंग बोलली काहून नाही?"

"लेकरू रातभर कन्हत राहे. तुम्हीच त्याचे पाय दाबून देत होते. तुम्हाले समजलं असतं, तर तुमच्यानं त्याले हात लावनं झालं नसतं."

गुलाबराव भिंतीला टेकून खाली बसले आणि रडू लागले. मुलगा गेला तेव्हाही ते असे रडले नव्हते. अंजनाबाईंनी भाजी बाजूला सारली, गॅस बंद केला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

त्या संध्याकाळचा स्वयंपाक मोनालीने केला.