उलट्या बाणांचा तक्ता

अच्युत देवपुजारींना शेवटी शार्कने गिळलं. नाही, तसं काही झालं नाही. भोपाळात शार्क येणार कुठून? वरचं वाक्य आपण वाचलंच नाही असं समजावं.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात नवं राज्य झालं आणि नागपूरचे कारकून फायलींसकट भोपाळला येऊन पडले. त्यांच्यातल्या अच्युतकडे शाळांसाठी तक्ते रंगवायचं काम आलं. पहिला विषय, समुद्रातली अन्नसाखळी. राज्याला समुद्र नव्हता, पण आदेश होता. शिवाय कक्षातल्या पाच कारकुनांपैकी महिनाअखेर एकच राहणार, असंही पत्र आलं होतं.

अच्युतने वर शार्क काढला, त्याखाली बांगडा, त्याखाली बारीक जीव आणि तळाशी उन्हावर वाढणारी धुळीएवढी वनस्पती. बाण वरून खाली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत सगळं वरूनच खाली आलेलं त्याने पाहिलं होतं.

त्याची बायको मनोरमा शाळेत विज्ञान शिकवायची. तिने तक्ता पाहून कपाळाला हात लावला.

"अहो, शार्क बांगड्याला जेवू घालतो का? बाण खाणाऱ्याकडे जातो. आणि दर पायरीला अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम दहावा हिस्सा वर पोचतो."

"बाकीचे नऊ?"

"जगण्यात संपतात. उष्णता होऊन जातात."

"कुठे?"

"जातात हो!"

अच्युतने बाण वर वळवले. तक्ता बिनचूक, म्हणजे खुर्ची पक्की.

दुसऱ्या दिवशी कक्षाचे प्रमुख गोपीनाथसाहेब तक्त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. खिडकीबाहेर मोठा तलाव अगदी निपचित होता.

"एका शार्कला इतके लागतात?"

"हो साहेब."

"और कोणी तक्रार करत नाही?"

"तोंडात पाणी जातं, साहेब."

"वा," साहेब म्हणाले आणि तक्ता आपल्या दालनात टांगायला सांगितला.

सोमवारी तळाची दोन पदं वरच्या पदात विलीन झाली. बुधवारी आणखी दोन. त्या खुर्च्यांवर बसणारे कुठे गेले, कुणी विचारलं नाही. साहेबांचा पट्टा मात्र एक भोक सैल झाला. शुक्रवारी साहेबांनी अच्युतला आत बोलावलं आणि त्याच्याकडे पाहून प्रेमाने हसले. दात बरेच होते.

पाचवं, म्हणजे अच्युतचं पद थेट साहेबांच्या पदात विलीन झालं. दालनाबाहेर पडण्याआधी अच्युतने तिथेच अर्ज खरडला:

"विनंती की, समुद्रातील सर्व बाण दिनांक १ नोव्हेंबर १९५६ पासून पूर्वलक्षी प्रभावाने खाली वळवण्यात यावेत, तशी लेखी समज सर्व शार्क माशांना द्यावी आणि त्यांची पोच या कार्यालयास सादर करावी."