साखळीखालचा निळा रंग

साखळीचे वेढे होते तेवढ्याच भागात सायकलचा रंग अजून गडद निळा होता. बाकीची सायकल उन्हाने पांढुरकी पडलेली. व्हरांड्यात उभी राहून ती त्या निळ्या पट्ट्यांकडे बघत राहिली. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिची सगळी नोकरी झालेली. आधी नीट बघायचं आणि मग बोलायचं, हे अंगात मुरलेलं.

"गेली का गं सायकल?" खिडकीजवळच्या पलंगावरून नवऱ्याने विचारलं.

"नाही. साखळी गेली. कुलपासकट."

"आणि सायकल?"

"आहे की जागच्या जागी."

मग तो म्हणाला, "म्हणजे चोरालाही नको झाली."

शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून मान पुढे काढली. "अहो, टायर बघा तिचे, जमिनीला चिकटलेत. चोराला खांद्यावर घेऊन पळावं लागलं असतं. तुम्ही पण ना, कुलूप सायकलपेक्षा भारी घेतलंत!"

तिला हसू आलं. खिडकी उघडी होती, म्हणून तिने ते गिळलं.

मीटरचे आकडे टिपत तो याच सायकलवरून गावभर हिंडला होता. झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून काय ते स्पष्ट सांगितलं. तिने ते घरात कधी काढलं नाही. जाड साखळी मात्र आणली. नणंदेने लेकीसाठी सायकल मागितली. पोरगी नर्सिंगच्या वर्गाला पायी जायची. "बघू या," म्हणून हिने वेळ मारून नेली.

"नवी साखळी आण," तो म्हणाला. "चांगली दणकट बघ."

दुकानात तिने साखळी हातावर तोलून पाहिली.

"ही कापता कापता चोर म्हातारा होईल, बाई," दुकानदार म्हणाला.

तिने ती परत काउंटरवर ठेवली. "सायकलच्या ट्यूब आहेत? दोन द्या."

अंगणातला पितळी नळ चोरीला गेल्यापासून त्यांच्याकडे रोज संध्याकाळी सामानाची हजेरी व्हायची. तो आतून पुकारायचा, ती बाहेरून उत्तर द्यायची. दिवसभरात तेवढ्या वेळापुरता त्याचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत लागायचा.

"शिडी?"

"बांधली."

"पाइप?"

"आत घेतला."

"कुंड्या?"

"आहेत."

"सायकल?"

तिने निळ्या पट्टीवरून अंगठा फिरवला. इथे नेहमी तिचं "कुलूप लावलं" तोंडातून आपसूक निघायचं.

"अगं, सायकल?"

ती आत आली. पलंगाच्या कडेला बसली. पिशवी मांडीवर.

त्याने डाव्या हाताने पिशवी चाचपली. "ही साखळी नाही."

"नाही. ट्यूब आहेत."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"सायकल भाचीला देतेय मी," ती म्हणाली. "तुम्ही आता ती चालवणार नाही."