मिरची भाजायची जागा

"या पिकल्यात, म्हातारबा. माघारी न्या," असं म्हणून मित्को व्यापाऱ्यानं क्रेट पायानंच बाजूला सारला.

"मिरची पिकली म्हणून माघारी? मग पिकायचं न्हाई तर काय करायचं तिनं?"

"माल उत्तरेला जातोय, लांबच्या मुलखात. त्यास्नी अर्धी हिरवी पायजे. सगळा गाव कवाच तोडून मोकळा झाला. तुमी कुनाची वाट बघत हुता?"

स्पासेनं क्रेट उचलून ट्रकमध्ये ठेवला.

आयवारला, म्हणजे वर्षभर पुरणाऱ्या भाजक्या मिरचीच्या चटणीला, मिरची झाडावरच लालबुंद व्हावी लागते. तळहाताएवढी गोडी मिरची. ती भाजायची, सोलायची, वाटायची आणि तेलात घोटत बसायची. सेवदा दरवर्षी तशीच राखायची. मग नवरा-बायको ट्रक भरून राजधानीत, स्कोपियेला जात. तिथं चार इमारतींच्या मधल्या अंगणात बाया पत्र्याच्या चुली मांडून बसत आणि सगळा माल जागेवर खपे. फेब्रुवारीत सेवदा गेली. स्पासेनं मिरची तिच्याच रीतीनं राखली. आता ती व्यापारी घेईना. दोन-चार दिवसांत तिचा लगदा झाला असता, आणि वर्षाचं पीक तेवढंच होतं.

रविवारी पहाटे तो निघाला. चढावर गियर बदलताना सेवदा "हळू" म्हणायची. चढ आला, गेला. शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं.

स्कोपियेत पोचला तर अंगण नव्हतं. चारी बाजूंनी पत्र्याचं कुंपण आणि आत सिमेंटचे खांब.

"हितं गाडी लावायची न्हाई," फाटकावरचा राखणदार म्हणाला. मग त्यानं नंबराची पाटी पाहिली. "स्त्रुमित्साचं का वो? मी बी तिकडचाच. वासिलेवो गावचा, त्राजान."

"मग हितं काय करतोस?"

"तिकडं मिरची पिकवून पोट भरंना. म्हणून हितं फ्लॅट राखतोय." तो हसला. "खाली मोठं दुकान होनार हाय, काका. बरणीतलं आयवार मिळंल त्यात."

"कुठल्या मिरचीचं?"

"आपल्याच की. उत्तरेला जाती, बरणीत बसती आन् मडमीन होऊन माघारी येती."

स्पासे हसला नाही. ट्रकमागं नुसता उभा राहिला. हाका मारायचं काम सेवदाचं. तो आजवर गाडीतच बसून राहायचा. बायांना त्याचा चेहराही नीट माहीत नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून आवाज आला. "सेवदे! आलीस का गं? मला वाटलं, यंदा विसरलीस आम्हाला!"

रोक्साबाई. सेवदाची सगळ्यांत जुनी गिऱ्हाईक. स्पासेनं मान वर केली.

"ती न्हाई आली."

"काय? मोठ्यानं बोला! बरं नाही का तिला?"

गावात हे कोणाला सांगावं लागलं नव्हतं. सगळे मातीला आले होते. आता भर रस्त्यात चौथ्या मजल्यापर्यंत ओरडून सांगायचं होतं.

"गेली ती!" स्पासे ओरडला. "मेली माझी सेवदा!"

दोन-तीन खिडक्या उघडल्या. रोक्साबाई सपाता घालूनच खाली आल्या. मागून आणखी चौघी.

"मेल्या, सांगायचं नाही का?" रोक्साबाईंनी डोळे पुसले आणि क्रेटमधली एक मिरची दाबून पाहिली. "राखलीस मात्र तिच्यासारखी. पण भाजू कुठं? गॅलरीत धूर केला की वरचे पोलिसांना फोन करतात."

सगळ्या कुंपणाकडं बघायला लागल्या.

"माझ्याकडं काय बघताय?" त्राजान म्हणाला. "नोकरी जाईल माझी."

"आज रविवार आहे. साहेब येतो का तुझा?" रोक्साबाईंनी विचारलं.

"येत न्हाई. पण आला तर?"

"तर त्यालाही सोलायला बसवू."

त्राजाननं रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकली आणि फाटक उघडलं.

उघड्या सिमेंटवर चुली मांडल्या गेल्या. दुपारपर्यंत निम्मा ट्रक खपला. बाकीच्याला गिऱ्हाईक नव्हतं. पूर्वी चुलीमागं चूल असायची, आता पाचच. उरलेली मिरची बायांनी त्यालाच भाजून, सोलून दिली आणि मोठं पातेलं चढवलं.

स्पासे मिठाची पिशवी फोडायला लागला, तशा रोक्साबाई ओरडल्या, "आत्ता नाही! सेवदा मीठ शेवटी घालायची. चाळीस वर्षं खाल्लंस आणि एवढंही बघितलं नाहीस?"

"न्हाई बघितलं," तो म्हणाला.

त्यानं लाकडी पळी हातात घेतली. धूर खांबांमधून वर चालला होता. एकेक बाई आपलं पातेलं उतरवून घरी गेली. उन्हं कलली. त्राजान फाटकाशी येरझाऱ्या घालत होता.

"घट्ट झालं की रे कधीच," रोक्साबाई म्हणाल्या. "उतरव आता. लांब जायचंय तुला."

"जातो की," स्पासे म्हणाला आणि घोटत राहिला. "तिथं कोन बसलंय वाट बघत?"