धुळाप्पाचा गळा आणि गुरुलिंगचा माईक

धुळाप्पाच्या गळ्याबद्दल मी जे सांगतो ते कुणाला निम्मं खोटं वाटलं, तर त्यानं उरलेलं निम्मं तरी खरं धरावं. जळकोटच्या माळावरून तो मेंढरांना हाक मारायचा, तेव्हा हायवेवरचे ट्रकवाले मागून मोठी गाडी आली समजून बाजूला दबायचे. एकदा पलीकडच्या वस्तीवर नवरदेव घोड्यावर बसून मांडवाकडं निघाला होता. इकडं धुळाप्पानं "हुर्र्याऽऽ हेऽऽ" केलं, आणि घोडं जे वळलं ते नवरदेवासकट थेट कळपात येऊन उभं राहिलं. मुलीकडच्यांना नवरा मेंढरांतून निवडून न्यावा लागला.

असा गळा, आणि त्यात गाठ झाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी दिवाळीच्या तोंडावर ती काढली आणि बजावलं, "महिनाभर गळ्यातून आवाज काढायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. एकदा जरी ओरडलात, तरी आवाज जन्माचा जाईल."

धुळाप्पाचा कळप तेव्हा माझ्याच रानात होता. सोयाबीन निघालं की दरवर्षी मी त्याची मेंढरं रानात बसवतो. लेंड्या पडतात, जमिनीत ताकद येते, आणि मला बोलायला माणूस मिळतो. यंदा माणूस होता, बोलणं नव्हतं. तो बसला की उठायचा, उठला की काठी उजव्या हातातून डाव्यात आणि डाव्यातून उजव्यात. पोटात बोलणं फारच साठलं की एक दगड उचलून दुसरीकडं नेऊन ठेवायचा. माझा कैक वर्षांचा ढासळलेला बांध त्याच्या मुकेपणानं उभा राहिला.

त्याची ही तगमग नातीला बघवेना. मंजुषा धाराशिवला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. सुट्टीला आली ती लॅपटॉप घेऊन. तिनं बटणांवर कागदाची चित्रं चिकटवली. भाकरीचं चित्र दाबलं की लॅपटॉप म्हणायचा, "मला भूक लागली आहे." कुत्र्याचं दाबलं की कुत्र्याला बोलवायचा, आणि कुत्रं येत नसे. चहाला तिनं सगळ्यांत खालची लांब पट्टी दिली. धुळाप्पाच्या अंगठ्याखाली एका वेळी चार बटणं यायची, ही पट्टी तेवढी नेमकी सापडायची.

आवाज बाईचा, आणि तोही शहरातल्या. पहिल्या दिवशी बानूबाई खोपीमागून पदर खोचत आली.

"कोण बया आलीय ही? आन् हिला माझ्याच हातचा च्या कशाला पायजे?"

"आज्जी, आज्जाच बोलतोय," मंजुषा म्हणाली.

बानूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, लॅपटॉपकडं पाहिलं. "जलमभर म्हणत हुते, जरा गप बसा. आता ह्ये गप बसलं तर डबडं बोलाया लागलं."

धुळाप्पानं रागानं पट्टीवर अंगठा हाणला. लॅपटॉप गोड आवाजात म्हणाला, "मला चहा हवा आहे."

मग तेच चाललं. ढग आले, हाण पट्टी. कोकरू लंगडलं, हाण पट्टी. दिवसभर माझ्या रानात ती बाई चहा मागत होती. गावातला मांडव-स्पीकरवाला गुरुलिंग मुद्दाम बघायला आला. धुळाप्पानं त्याला आयुष्यभर हिणवलेलं. गुरुलिंगचा माईक दिसला की हा म्हणायचा, ज्याच्या गळ्यात दम न्हाय त्यालाच असलं डबडं लागतं.

"काय धुळाप्पाआज्जा," गुरुलिंग म्हणाला, "दम कुठं गेला म्हणायचा?"

हाण पट्टी. "मला चहा हवा आहे."

"आमच्या बापाचा उद्धार केला असंल त्यांनी," गुरुलिंग मला म्हणाला, "पण ऐकू च्याच आला."

इथवर गंमत होती. मग रानातला पाला संपला.

कळप हायवेच्या पलीकडं तळ्याकडं न्यायला हवा होता. तिकडं पाणी होतं, गवत होतं. पण कळप हलायचा मुकादमाच्या मागं. मुकादम म्हणजे पुढचा मोठा मेंढा, वळणदार शिंगांचा. आणि मुकादम हलायचा फक्त धुळाप्पाच्या हाकेवर. बानूबाईनं हाक मारली. त्यानं मान वर करून तिला ओळख दिली आणि रवंथ पुढं चालू केला. काठीनं हाकलावं, तर कळप रानाला एक चक्कर मारून जागच्या जागी येऊन बसे. शेवटी मी हाक मारली. मुकादम शिंकला.

भुकेली मेंढरं मग बांधाकडं सरकायला लागली. बांधापलीकडं रणधीरची ज्वारी, वीतभर उगवलेली. कोवळी ज्वारी मेंढराला विष असते. पोटात गेली की उभं जनावर पाय ताणतं. रणधीर सकाळपासून काठी घेऊन उभा होता.

"आबा, तुमच्या पाव्हण्यांना आवरा. ज्वारी गेली तर जाऊ द्या, पण खाऊन मेली तर म्या आज्जाला काय तोंड दाखवू?"

आज्जा एका जागी ठरत नव्हता. बांधापर्यंत जायचा, परत यायचा. एक मेंढी बांधावर चढली तसं त्याचं तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा फुगल्या. बानूबाईनं धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात दाबला.

"आवाज काढलासा तर म्या वाशीला माह्यारी जाईन. मग बसा त्या बयेच्या हातचा च्या पीत."

तेव्हा मंजुषाला आठवलं. दसऱ्याच्या सुट्टीत, गाठ काढायच्या आधी, तिनं आज्जाची हाक लॅपटॉपमध्ये घेतली होती. माईकनं काहीतरी आत घ्या आणि स्पीकरनं बाहेर काढून दाखवा, असं कॉलेजच्या सरांनी सांगितलं होतं. बाकी पोरींनी गाणी नेली, हिनं हाक. ती तिनं आम्हाला लावून दाखवली. लॅपटॉपच्या स्पीकरातून धुळाप्पा डासाएवढा निघाला.

"डबडं लागंल," तोवर गंमत बघायला आलेला गुरुलिंग म्हणाला, आणि धुळाप्पाकडं बघून हसला. पण गाडी घेऊन आला लगेच.

पिकअप हायवेच्या पलीकडं तळ्याच्या अंगाला लावली. स्पीकरचे मोठे खोके रानाकडं तोंड करून ठेवले, लॅपटॉपची वायर त्यांच्या मशीनला जोडली. धुळाप्पा, मंजुषा आणि चालू माईक हातात धरलेला गुरुलिंग पिकअपपाशी, बानूबाई कळपामागं. रणधीर लाल टॉवेल घेऊन एकीकडच्या गाड्या अडवायला, मी माझा फेटा सोडून दुसरीकडच्या. चहाच्या लांब पट्टीवर मंजुषानं आता हाक बसवली होती, ती तिनं दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. चहा मागून मागून पट्टी ढिली झाली होती. तिसऱ्यांदा लागली.

"हुर्र्याऽऽ हेऽऽ"

ती हाक अशी निघाली की तळ्यातलं पाणी काठावरून मागं सरलं. धुळाप्पा त्या दिवसांत पहिल्यांदाच एका जागी उभा राहिला. आपलाच गळा समोरून आला, बिचारा ऐकत राहिला. मुकादम उठला. त्याच्यामागं सगळा कळप उठला आणि हायवेवर आला. निम्म्याहून जास्त मेंढरं डांबरावर होती, तेवढ्यात खोक्यांतून आलं,

"थोऽऽ थोऽऽ"

ही थांबायची हाक. दसऱ्याला माईकसमोर धुळाप्पाला चेव आला होता. बोलवायची हाक झाल्यावर त्यानं थांबायचीही देऊन ठेवली होती. मंजुषानं शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं, कारण कॉलेजात पहिल्या हाकेलाच सरांनी कानावर हात ठेवून "पुरे" म्हटलं होतं.

मुकादम थांबला. कळप थांबला. हायवेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना गाड्या, आणि खोक्यांतून धुळाप्पा अभिमानानं म्हणतोय, "ऐकलासा? ह्याला म्हणत्यात गळा."

रणधीरच्या बाजूनं उताराला उसाचा ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्या जोडलेला. त्याचा ड्रायव्हर ब्रेक दाबत होता आणि ट्रॉल्या ऐकत नव्हत्या. रणधीर टॉवेल हलवत मागं मागं पळत आला. बोलवायची हाक पुन्हा लावायला मंजुषानं पट्टी दाबली, ती निघून तिच्या हातात आली. स्क्रीनवरचा बाण फिरवून लावावी, तर टळटळीत उन्हात तिथं तिला स्वतःचंच तोंड दिसत होतं.

"आज्जा, बाण दिसंना मला. कुठंय काय कळंना."

धुळाप्पानं छाती भरून घेतली. पलीकडून बानूबाईनं ते पाहिलं, पण तिचा हात तिथवर कसा पोचणार. ती नुसती मान हलवत राहिली. मलाही वाटलं, गेला आता गळा.

मग त्याची नजर गुरुलिंगच्या माईकवर गेली. झडप घालून त्यानं तो हिसकावला, ओठाला लावला आणि जीभ टाळूवर आपटली. टक्. टक् टक्.

कोकराला तळहातावरचे दाणे खायला बोलवायचं झालं की तो तसं करायचा. गळ्याचा त्यात काडीचा संबंध नाही. एरवी ते हातभर लांबच ऐकू जायचं, त्या दिवशी ते जळकोटच्या वेशीवर ऐकू गेलं. मुकादमाचे कान उभे राहिले. त्यानं जी उडी घेतली, ती अजून खाली आली नसती, पण मध्ये पिकअप होती. मागून सगळा कळप आला. ट्रॅक्टर शेवटच्या मेंढीच्या शेपटाला वारा घालून निघून गेला.

मेंढरं पिकअपवर चढली, खोके चाटू लागली. मुकादम पुढचे पाय धुळाप्पाच्या छातीवर टेकून त्याचा तळहात शोधत होता.

"आज्जा, माईक द्या माझा," गुरुलिंग म्हणाला.

धुळाप्पानं माईक पाठीमागं लपवला आणि नकारार्थी टक् केलं. त्यावर आणखी मेंढरं चढली.

महिना भरला. डॉक्टर म्हणाले, गळा शाबूत आहे, आता बोला. कळप पुन्हा माझ्या दुसऱ्या रानात होता. धुळाप्पा माळावर उभा राहिला, त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक मारली. आवाज तोच, तसूभर कमी नाही. हायवेवरचा एक टँकर बाजूला दबला. बानूबाईनं डोळ्याला पदर लावला. मुकादम उठून धुळाप्पाकडं निघाला.

नेमकं त्याच वेळी गावात गुरुलिंग एका लग्नाचा मांडव लावत होता. खोके मांडून झाल्यावर त्यानं माईक चालू आहे का बघायला त्याच्यावर बोटानं वाजवलं. टक्. टक् टक्.

मुकादम मध्येच थांबला. त्यानं एकदा धुळाप्पाकडं पाहिलं, एकदा गावाकडं. धुळाप्पानं पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा मोठी. मुकादम वळला आणि कळपासकट मांडवाकडं सुटला.

धुळाप्पा काठी उगारून मागं धावला. महिनाभराचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं: मुकादम, मुकादमाची आई, गुरुलिंग, गुरुलिंगचे खोके. हळूहळू ते लांब गेलं, तरी शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"बोला बोला," बानूबाई तिकडं बघत म्हणाली. "आता कोण ऐकतंय."

आणि चुलीकडं वळली. "च्या ठेवते. आले की तेच मागत्याल."