काळीचा पहिला गिअर

माणसाचा अखेरचा प्रवास कुणाच्या हातात नसतो. तो ठरला की ठरला. जगातली कोणतीही शक्ती त्याला क्षणभरही अडवू शकत नाही. ड्रायव्हरच्या बायकोचा प्रवास मात्र गेले अडीच दिवस गिअरबॉक्सपायी अडला होता.

"पहिलाच हवाय? नक्की?" भंगाराच्या यार्डातल्या मावशीनं विचारलं. "टॉप गिअर म्हणायचंय का तुम्हाला? लोकांचा टॉप जातो."

ड्रायव्हर म्हणाला, आमचा पहिला गेलाय. टॉप कोरा आहे.

मावशीनं चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे नीट पाहिलं. मोडीत आलेल्या गाड्यांमध्ये तिचा जन्म गेला होता, पण टॉप कोरा आणि पहिला संपलेला असला चमत्कार तिनं ऐकला नव्हता. मग त्यानं गाडीचं नाव सांगितलं, साल सांगितलं, आणि ती शववाहिका आहे हेही सांगितलं. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. जी गाडी जन्मभर चालत्या माणसांच्या वेगानं चालली, तिचा टॉप कोण झिजवणार?

गाडी लांबलचक होती, काळी होती आणि ड्रायव्हरपेक्षा वयानं थोडी मोठी होती. मालकानं सहा महिन्यांपूर्वी दोन पांढऱ्या व्हॅन घेतल्या आणि काळीला शेडमध्ये मागच्या भिंतीशी ढकलून ठेवलं. ढकलूनच, कारण पहिल्या गिअरचे दाते तोवर पार बोथट झाले होते. टाकला की सटकायचा. ड्रायव्हर व्हॅनवर गेला. काळीचं काय करायचं ते बघू, असं सगळेच म्हणाले. बघितलं कुणीच नाही.

बायको तिला सवत म्हणायची. एकतीस वर्षांत ड्रायव्हरनं तिला त्या गाडीत पाऊल ठेवू दिलं नव्हतं. एकदा तो मागे कुणाला तरी घेऊन निघाला असताना बाजारातून परतणारी बायको फूटपाथवर भेटली. दोघांचा वेग एकच. ती भाजीची पिशवी घेऊन खिडकीच्या बाजूनं चालत राहिली, आणि घरात काय काय संपलंय, नळ कसा गळतोय, शेजारीण काय बोलली, हे सगळं तिनं वळणापर्यंत सांगितलं. ड्रायव्हर समोर बघत राहिला. मागे रडणाऱ्या मंडळींना वाटलं, ही मृताच्या जवळची कुणीतरी असावी.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली होती, "अहो, मला त्या पांढऱ्या डब्यातून नेऊ नका. सवतीतूनच न्या. इतकी वर्षं बाहेरूनच बघतेय."

ड्रायव्हर बरं म्हणाला. तो बहुतेक गोष्टींना बरंच म्हणत आला होता. गिअरचं त्या वेळी त्याच्या लक्षात आलं नाही.

आता ती दवाखान्याच्या शीतगृहात होती. आज दुपारी चारपर्यंत नेलं नाही तर दवाखाना स्वतःच्या गाडीनं पोचवणार होता. तीही गाडी पांढरीच होती.

मेहुण्याचं म्हणणं असं, की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलावी आणि विषय संपवावा. ड्रायव्हरनं त्याला समजावलं होतं, की दुसऱ्यात उचलली तर गाडी हिसका देते, आणि मागचं माणूस पायांकडे घसरतं. मेहुण्यानं ते मानलं होतं. पण कालपासून त्याचा फोन तासातासाला येत होता. "भाऊजी, मी ऑफिसात काय सांगू? बहीण वारली म्हणून दोन दिवस दिलेत त्यांनी. तिसरा दिवस गिअरसाठी कोण देणार?"

त्या दोन दिवसांत ड्रायव्हर चार ठिकाणी फिरला होता. एकाकडे त्याच गाडीचं स्टिअरिंग होतं, ते त्यानं फार प्रेमानं दाखवलं. एकानं गिअर दिला, तो दात्यांना बसेना. उरलेल्या दोघांनी, असली गाडी अजून आहे का, फोटो काढू द्याल का, असं विचारलं. ड्रायव्हरला राग आला नाही. त्याला परवापासून भूकही लागली नव्हती आणि झोपही लागली नव्हती, पण त्याचंही त्याला विशेष वाटत नव्हतं. पायातल्या चपला वेगवेगळ्या जोडांतल्या आहेत हे त्याला आत्ता मावशीसमोर उभं असताना दिसलं. त्याचंही काही वाटलं नाही.

मावशीनं ढिगाकडे न बघताच सांगितलं, की त्या गाडीच्या टॅक्सीच चालायच्या. त्यांचे बॉक्स दहा वर्षांपूर्वीच वितळवायला गेले. महिनाभरानं या, कुणाकडे निघाला तर ठेवते.

"आज हवाय," ड्रायव्हर म्हणाला.

"एवढी कसली घाई? तुमच्या गिऱ्हाइकाला कुठे गाडी पकडायचीय?"

"घरचंच आहे."

"घरचं म्हणजे?"

"बायको."

मावशीनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि ज्यावर बसली होती ती चपटी उशी उचलली. उशीखाली फळी होती. फळीखाली गिअरबॉक्स होता. अकरा वर्षं ती त्याच्यावर बसून सगळ्या गावाला पार्ट विकत होती.

"बसायला चांगला होता हो," ती एवढंच म्हणाली. तिनं तो हातगाडीवर चढवायला स्वतः हात लावला, आणि मग बसायला दुसरं काही मिळतंय का ते शोधत उभी राहिली.

मिस्त्रीनं दोन्ही बॉक्स शेजारी शेजारी उघडले. टॅक्सीच्या बॉक्समधला टॉप पार खलास होता आणि पहिला गिअर जवळपास नवा. काळीचं बरोबर उलट. मिस्त्री जुना माणूस. तो रॉकेलमध्ये हात बुडवून बराच वेळ नुसता बघत बसला.

"टॉप कधी टाकलाच नाही का हो?"

मागे कुणी असताना नाही, ड्रायव्हर म्हणाला. आणि परत येताना, असं मिस्त्रीनं विचारल्यावर तो म्हणाला, की परत येताना कुणी लवकर बोलावलेलं नसायचं.

दोन बॉक्सांचा मिळून एक झाला. अडीच वाजता काळीनं शेडमधल्या शेडमध्ये एक फेरी मारली. गिअर लोण्यासारखा पडला. ड्रायव्हरनं मेहुण्याला फोन केला आणि सगळ्यांना घेऊन परस्पर स्मशानात जायला सांगितलं. मेहुणा म्हणाला, बरं झालं. दवाखान्यात कोण असेल, हे त्यानं विचारलं नाही. ड्रायव्हरनंही सांगितलं नाही.

सव्वातीनला काळी दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी उलटी लागली. या धंद्याची एक रीत आहे. ड्रायव्हर खाली उतरत नाही, मागे बघत नाही. आत जायचं, सह्या करायच्या, रडायचं, हे नातेवाइकांचं काम. ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवून समोर बघत बसायचं. मागचं दार लागतं, पत्र्यावर दोन थापा पडतात, की पहिला टाकायचा.

ड्रायव्हर समोर बघत बसला.

समोर पाण्याची टाकी होती. टाकीवर कावळा होता. तो उडाला, दुसरा आला. साडेतीन झाले. थापा पडल्या नाहीत. त्याला याचं नवल वाटलं नाही. नातेवाईक नेहमीच उशीर करतात. कुणाचा तरी भाऊ यायचा असतो, कुणाला तरी चक्कर आलेली असते.

पावणेचारला वॉर्डबॉय खिडकीशी आला. त्याच्या हातात कागद होता.

"ड्रायव्हरकाका, तुमची पार्टी कुठंय? सही राहिलीय."

"येतील. वाटेत असतील."

वॉर्डबॉय गेला. पाच मिनिटांनी परत आला. चारला आमची गाडी लावतील, तो म्हणाला, तुमच्याकडे नंबर आहे का त्यांचा? "दुसरं कुणी नाही म्हणे. नवराच आहे फक्त. हे बघा, नाव लिहिलंय."

ड्रायव्हरनं नाव वाचलं. ते त्याचंच होतं. आडनावाचं शेवटचं अक्षर चुकलं होतं.

त्यानं इंजिन बंद केलं. उतरला. एकतीस वर्षं तो या फाटकाशी येत होता, पण आत कुठल्या दारानं जायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. वॉर्डबॉय पुढे झाला. सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. ड्रायव्हरनं सही केली, आणि वॉर्डबॉयनं नात्याच्या रकान्यात काय लिहू असं सवयीनं विचारल्यावर त्याला उत्तर द्यायला जरा वेळ लागला.

दोघांनी स्ट्रेचर आत सरकवलं. ड्रायव्हरनं दार लावलं. मग थोडा थांबला, पत्र्यावर स्वतःच दोन थापा मारल्या आणि पुढे जाऊन बसला.

रस्त्यात काही झालं नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, ते नेहमीच वाजवतात. चार किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. गिअर एकदाही सटकला नाही.

स्मशानाच्या दाराशी अकरा माणसं होती, त्यातली तीन घड्याळ बघत होती. मेहुणा पुढे आला. तीन दिवस तो चिडून होता, पण गाडी वळताना पाहून त्याचा चेहरा बदलला होता. त्यानं काळीच्या बॉनेटवर हात ठेवला. मग ड्रायव्हरच्या बाजूला येऊन, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "ताईशी वाटेत काही बोललात का, भाऊजी?"

ड्रायव्हरनं विचार केला. मग सांगितलं, की पहिल्या गिअरला इंजिन फार ओरडतं. शिवाय मध्ये पत्रा आहे.