खिळ्यावरची पुंगळी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पुंगळी आहे. बंदुकीच्या काडतुसाची. बुडाला ठिणगीची टोपी ठोकायची, पोटात दारू भरायची, तोंडात गोळी बसवायची, की झालं काडतूस. गोळी उडून जाते आणि नाव कमावते. मी मागे राहते, काळ्या तोंडाची. पण परत भरता येते ती मीच, गोळी नाही. हे सगळे विसरतात.

माझ्या बुडाशी कमरपट्टा आहे. आमच्या घराण्याला तीनशे मॅग्नम म्हणतात. अस्वलालाही पुरून उरेल असं घराणं. अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तरेला, जिथे मोठ्या सरोवरावरून बर्फ येतं, तिथल्या हरणांसाठी माझी काहीएक गरज नव्हती. पण ताइस्तो किन्नुनेनने दुकानात आमची पेटी उचलली, तळहातावर झुलवली आणि खूश झाला.

"हरीण मारायचंय की आगगाडी?" त्याचा दोस्त ओन्नी म्हणाला.

"लागलं की जागच्या जागी पडलं पाहिजे. तुझ्यासारखं दिवसभर हुडकत फिरायला मला वेळ नाही."

झाली निवड! धक्का खाणाऱ्या खांद्याला कोणी विचारलं नाही.

तेव्हा मात्र खांदा दणकट होता. खोटं कशाला बोलू, चांगले दिवस होते. दर हिवाळ्याआधी ताइस्तो स्वयंपाकघराच्या टेबलावर मला घासायचा, पुसायचा, भरायचा. त्याची छोटी पोर इर्या भरायच्या आधी माझ्या तोंडावर आडवी फुंकर मारायची आणि मी शीळ घालायचे. "बाबा, हिला गाणं येतं!" मग जंगलातल्या झोपडीत मुक्काम, वाफेची अंघोळ, कॉफी, आणि पहाटे माझा एक धडाका. हरीण जागीच पडायचं. ताइस्तो मला बर्फातून उचलून खिशात घालायचा.

त्या झोपडीची एक रीत होती. ज्याचा नेम चुकला, त्याच्या शर्टाची शेपटी कात्रीने कापायची आणि भिंतीवर ठोकायची. ओन्नीचे तर इतके तुकडे होते की त्यांचा पडदा झाला असता. ताइस्तोचा एकही नव्हता. पाहुणा आला की तो आधी ती भिंत दाखवायचा, मग बसायला सांगायचा.

आम्ही पट्टेवाल्या पुंगळ्या पट्ट्याच्या वरच फाटतो. एका वर्षी ताइस्तोने वाकडी तार आत घालून चाचपलं. तार आतल्या भेगेत अडकली. "संपली ही," म्हणाला आणि मला झोपडीतल्या कॉफीच्या डब्यात टाकलं. मला राग आला, पण त्याचं बरोबर होतं. जे माझं तपासलं, ते त्याने स्वतःचं कधीच तपासलं नाही.

डब्यात पडल्या पडल्या मी ऐकत होते. ताइस्तोच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. हात वर जाईना. आणि हरणं जागच्या जागी पडेनाशी झाली. एक मानेत लागून पडलं, एक पार टेकडीपलीकडे जाऊन. ताइस्तो म्हणायचा, वारा होता.

मग तो हंगाम आला. हरणांची शिकार खुली व्हायच्या आदल्या दिवशी इर्या, आता चांगली मोठी बाई, एक हलकी बंदूक घेऊन आली. बारीक काडतुसाची.

"बाबा, उद्या ही घे. धक्काच नाही हिला."

"ही? हिच्यातून काय पेन्सिली उडतात?"

"हरणाला काय कळतं पेन्सिल का मॅग्नम! जागेवर लागली की पडतं."

"माझी जागेवरच लागते."

"मागच्या वर्षी?"

"वारा होता."

"होता ना," ओन्नी म्हणाला. "तुझ्या डोळ्यात."

ताइस्तो चिडला. झोपडीमागे फळी लावली, मॅग्नम काढली आणि झाडली. खाली लागली. म्हणाला, बंदुकीवरची दुर्बीण सरकली असेल. तेव्हा इर्याने मला डब्यातून काढलं आणि गुपचूप ओन्नीच्या हातात दिलं. ओन्नीने मला रिकामीच बंदुकीत सारलं आणि म्हणाला, "भरलीय. मार आता."

ताइस्तोने श्वास धरला. चाप ओढला. टक्. धडाका नाही, धूर नाही, धक्का नाही. तरी त्याचे डोळे गच्च मिटले, खांदा पुढे उसळला आणि नळीचं टोक खाली बुडालं, दाणा टिपणाऱ्या कोंबडीसारखं.

ओन्नी हसायला लागला आणि मध्येच फळीकडे वळला.

"बाबा," इर्या म्हणाली, "तुझा नेम चांगलाय. तू धक्क्याला घाबरतोस."

घाबरतोस! अगं, दुसरा शब्द नव्हता का तुला? नुसती बंदूक हातात द्यायची होतीस. ताइस्तोने मला बाहेर काढलं, खिशात कोंबलं आणि तो आत निघून गेला. तिथेच सगळं ठरलं.

सकाळी त्याने मॅग्नमच घेतली. मी खिशात होते. ओढ्याजवळच्या देवदारांत एक नर आला, मोठ्या शिंगांचा, अगदी निवांत. धडाका झाला. नर पडला नाही. पाठीची कमान करून, पोट आवळून चालायला लागला. पोटात लागली होती, खाली. ताइस्तो तसाच उभा राहिला. त्यालाही कळलं होतं.

धडाका ऐकून इर्या आणि ओन्नी आले. तिघं माग काढत गेले. रक्त थोडं, मग थेंब, मग बर्फ पडायला लागलं आणि तेही झाकलं. ताइस्तो गुडघ्यांवर बसून हाताने बर्फ बाजूला करत होता. ओढ्यापाशी ओन्नी म्हणाला, "अंधार पडतोय. चल, मित्रा."

झोपडीत ताइस्तोने शर्ट पँटबाहेर काढला आणि भिंतीकडे पाठ केली. "काप."

"चुकला असतास तर कापला असता," ओन्नी म्हणाला. "हे चुकणं नाही रे."

"काप म्हणतो ना!"

"बाबा, राहू दे," इर्या म्हणाली. तिने कात्री मागे लपवली होती.

त्याने ती हिसकावली आणि स्वतःच कापला, वाकडातिकडा. खिळा ठोकताना हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून खिळा अर्धाच गेला. मग खिशातून मला काढलं आणि खिळ्याच्या डोक्यावर उलटं बसवलं. त्यानंतर तो झोपडीत परत कधी आला नाही.

बर्फ वितळल्यावर इर्या आणि ओन्नी आले. इर्याच्या हातात त्या नराची शिंगं होती.

"ओढ्याच्या पलीकडेच होता," ती म्हणाली. "काठावरच."

"ताइस्तोला सांगू नकोस."

"विचारलं तर?"

"नाही विचारणार."

शिंगं तिथेच टेबलावर ठेवून त्यांनी दार ओढून घेतलं. त्यानंतर कोणी फिरकलं नाही. शिंगं उंदीर कुरतडतायत.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी मोठं होऊन दुकानात काडतूस निवडायला गेलं, तर आमची लांबी बघू नका, वजन करू नका. आधी कोणाला तरी सांगा, न कळवता माझ्यासारखी एखादी रिकामी बंदुकीत सारायला. मग नळीचं टोक कुठे जातं ते बघा. आणि जे दिसेल ते मान्य करा. आणि कोणाच्या बापाला दाखवायचं झालं, तर एकट्यात दाखवा.

आता उंदीर त्या शर्टाच्या तुकड्यालाही लागलेत, दोरा दोरा करून नेतात. मी हाकलू शकत नाही. शीळ तरी कशी घालू? माझं तोंड खिळ्यावर आहे.